ओंबीचा हिशेब पेरणीतच



भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात ठेवतो. फरदडीची एक वेचणी पदरात पडेल म्हणून पऱ्हाटी उभी ठेवतो. मग डिसेंबर सरता सरता, विहिरीत थोडे पाणी आहे म्हणून, त्याच वावरात गहू टाकतो. मार्चमध्ये आखूड ओंबी आणि सुकलेला दाणा हाती आला की म्हणतो, बियाणे खोटे निघाले. बियाणे कधी खोटे असतेही. पण पुष्कळदा चुकलेली असते ती तारीख.

गव्हाची ओंबी मोडून पाहा. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना दाण्यांची घरे बसलेली असतात. चांगल्या ओंबीत ती वीसच्या आसपास भरतात, एकेका घरात दोन ते चार दाणे धरतात. ही घरे ओंबी बाहेर पडल्यावर तयार होत नाहीत. रोप लहान असतानाच जमिनीलगतच्या गाभ्यात त्यांची मांडणी सुरू होते आणि कांडी धरण्याच्या सुमारास संपते. ज्वारीचे कणीसही पोटरीत दिसण्याआधीच पोंग्यात ठरलेले असते, तसेच हे. नंतर कितीही युरिया टाका, घर एकही वाढत नाही.

हवा गार असली की पीक सावकाश चालते. घरे जास्त बसतात, फुटवे जास्त येतात. हवा तापली की पीक घाईला येते. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात टाकलेला ओलिताचा गहूही आखूड ओंबीवर येतो. उशिराच्या गव्हाला तर दुहेरी मार. दिवस मोठा आणि ऊन चढते, म्हणून घरे कमी. फुलोऱ्यात आणि चिकात उन्हाने गाठले की शेंड्याची घरे वांझ आणि दाणा बारीक.

तेव्हा ओलिताचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. १५ डिसेंबरनंतर पेरूच नये. त्याआधी उशीर झालाच तर निफाड ३४ सारखे उशिराचे वाण घ्यावे, एकरी ४० ऐवजी ५० ते ६० किलो बी वापरावे आणि ओळी जवळ घ्याव्यात. ओंबी लहान येणार, तर ओंब्या तरी जास्त हव्यात. एकच पाणी असेल तर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी.

पण तारीख एकट्या शेतकऱ्याच्या हातात असते का? कापसाला वेळेवर भाव मिळाला, तर गुलाबी बोंडअळीचे माहेर असलेली फरदड कोण राखील? वीज रात्री-बेरात्री येत असेल, तर एकविसाव्या दिवसाचे पाणी कसे साधेल?

मार्च २०२२ मध्ये उन्हाचा कहर झाला. पंजाब-हरियाणातला दाणा इतका सुकला की सरकारला खरेदीची अट सैल करून १८ टक्क्यांपर्यंत सुकलेला दाणा घ्यावा लागला. तेव्हा जगात गव्हाला भाव होता. १३ मे २०२२ रोजी केंद्राने निर्यात बंद केली. दाणा उन्हाने खाल्ला, भाव बंदीने.

उन्हाला आपण जाब विचारू शकत नाही. सरकारला विचारू शकतो. आणि पेरणीची तारीख, जिथे आपल्या हातात आहे तिथे, आपणच राखायची आहे. गहू काढल्यावर पुढच्या बैठकीला दोन ओंब्या आणा, एक नोव्हेंबरच्या पेरणीची, एक डिसेंबरच्या. घरे मोजू, मग बोलू.