प्रवेश मुलाचा, परीक्षा आई-बापांची

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा आहे आणि डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्याजवळ दुसरा. दोन्हीकडे टॉवर उभे राहिले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आल्या. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याण इथल्या रिक्षा चालवणाऱ्या, फळं विकणाऱ्या, शिलाईकाम करणाऱ्या आई-बापांनाही आपलं मूल चांगल्या शाळेत जावं असं वाटतं. पण प्रवेश अर्जात मुलाच्या जन्मतारखेखाली एक रकाना भेटतो: वडिलांचे शिक्षण, आईचे शिक्षण. मग 'पालकांशी संवाद' या गोंडस नावाची मुलाखत येते. शेवटी येतं इंग्रजी हमीपत्र: आम्ही घरी अभ्यासाकडे लक्ष देऊ, सर्व नियम वाचून आणि समजून मान्य केले आहेत. खाली सही.

मित्रांनो, हा रकाना निरुपद्रवी नाही. 'आई: चौथी पास' असं लिहिलं की पुढं काय होणार, हे त्या आईला अर्ज भरतानाच कळतं. कुणी तिला तोंडावर नकार देत नाही. यादीत नाव येत नाही, एवढंच.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 13 सांगतं की प्रवेश देताना कॅपिटेशन फी घेता येणार नाही आणि मुलाची किंवा त्याच्या पालकांची चाळणी लावता येणार नाही. एका मुलाला डावलून दुसऱ्याला निवडायची जी रीत चिठ्ठ्या टाकण्यासारखी निव्वळ यादृच्छिक नाही, ती या कायद्याच्या व्याख्येत चाळणीच ठरते. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत दंड, नंतरच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून आणखी स्पष्ट केलं: पालकांच्या शैक्षणिक पात्रतेवरून मुलाची वर्गवारी करायची नाही.

आता हमीपत्राकडे या. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. योगायोग असा की त्याचंही कलम 13 च इथं लागू पडतं. दोन्ही बाजू एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्य झाल्या, तरच त्याला संमती म्हणायचं, असं ते सांगतं. जिला इंग्रजी वाचता येत नाही तिच्याकडून 'मी वाचून समजून घेतले' अशी सही घेतली, तर कोण कोणत्या अर्थाने मान्य झालं? आधी शिक्षण कमी म्हणून तिला कमी लेखायचं आणि नंतर ती सुशिक्षित असल्यासारखी तिची सही घ्यायची, हा दुटप्पीपणा आहे.

शाळांचा युक्तिवाद ठरलेला असतो. आई-बाप शिकलेले नसतील तर मुलाचा अभ्यास कोण घेणार? मूल मागे पडेल, त्याचंच नुकसान होईल. हा युक्तिवाद प्रामाणिकपणे करणारे शिक्षकही आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. अभ्यास घेणं हे शाळेचं काम आहे, फी त्यासाठीच घेतात. जे घरी शिकवता येतं तेवढंच शाळेत शिकवायचं असेल, तर शाळा कशाला? मूल मागे पडत असेल तर शाळा सुटल्यावर अर्धा तास जादा शिकवा, पालकसभा मराठी-उर्दूत घ्या, वहीत काय पाहायचं ते आईला दाखवा. अडचण खरी असेल तर ती प्रवेशानंतर सोडवायची असते. प्रवेशाआधी दार लावून घेतलं की अडचण सुटत नाही, फक्त शाळेच्या नजरेआड होते.

शिवाय हाच कायदा न शिकलेल्या पालकांवर किती विश्वास टाकतो, तेही पाहा. कलम 21 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. त्यांच्यासाठी शिक्षणाची कोणतीही अट कायद्याने घातलेली नाही. म्हणजे चौथी पास आई शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवू शकते, असं संसद मानते. आणि आपल्या गल्लीतली शाळा मानते की तिच्या मुलाला पहिलीत बसवणंही धोक्याचं आहे!

इथवर बोट दुसऱ्यांकडे होतं. आता ते आपल्याकडे वळवू. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात निकाल दिला की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, कारण घटनेच्या कलम 30 ने त्यांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. तिथं काय व्हायचं ते होईल. आपला सवाल वेगळा आहे. कायदा लागू नाही म्हणून आपल्याच समाजाच्या शाळेने आपल्याच समाजाच्या विणकराला, हमालाला, घरकाम करणाऱ्या बाईला 'तुमचं शिक्षण किती?' विचारून परत पाठवावं का? कलम 30 समाजाच्या मुलांसाठी मिळालं. समाजातल्या शिकलेल्या घरांनी न शिकलेल्या घरांना बाहेर ठेवावं, यासाठी ते मिळालेलं नाही. जी संस्था जकात आणि देणग्या गोळा करताना 'गरीब मुस्लीम मुलांसाठी' म्हणते आणि प्रवेश देताना पदवीधर आई-बाप शोधते, तिने यातली एक भाषा बदलावी.

आपल्या परंपरेतही या रकान्याला जागा नाही. ज्या पैगंबरांवर उतरलेला पहिला संदेश वाचनाबद्दल होता, त्यांना आपण आदराने 'उम्मी' म्हणतो. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांकडे खंडणी भरायला पैसे नव्हते पण लिहिता येत होतं, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवून सुटका करून घ्यावी, असं ठरल्याचं सीरतच्या ग्रंथांत येतं. हाही एक शैक्षणिक करारच होता. त्या मुलांच्या बापांना लिहिता येतं का, असं कुणी विचारलं नाही. येत नव्हतं म्हणूनच तर हा करार झाला. आणि सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत व्यवहार लिहून ठेवण्याचे नियम आहेत. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं आणि ज्याला मजकूर सांगता येत नाही त्याच्या वतीने त्याच्या वलीने तो न्यायाने सांगावा, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे जबाबदारी लिहिता येणाऱ्यावर आहे.

एक पळवाट मात्र ओळखून ठेवा. शिक्षण हक्क कायद्यातलं 'मूल' म्हणजे 6 ते 14 वर्षांचं. त्यामुळे नर्सरी आणि केजीच्या प्रवेशाला हे कलम लागू नाही, असं शाळा सांगतात. नर्सरीत चाळणी लावली की पहिलीत जागाच उरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

1848 साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, पुढे फातिमा शेख त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. त्या शाळांच्या दारात आई-बापांचं शिक्षण विचारलं असतं, तर आत कोण आलं असतं?

म्हणून मागण्या साध्या ठेवू. प्रवेशाच्या अर्जातून पालकांच्या शिक्षणाचा रकाना काढा. नोंदीसाठी माहिती हवी असेल तर प्रवेश झाल्यावर विचारा. पालकांची मुलाखत बंद करा. जागा कमी असतील तर सर्वांसमोर सोडत काढा. हमीपत्र मराठी आणि उर्दूत द्या, सही घेण्याआधी वाचून दाखवा, एक प्रत पालकाच्या हातात ठेवा. आणि याची सुरुवात आपल्या समाजाच्या संस्थांपासून करा.

तुमच्यापैकी अनेकजण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. मोहल्ल्यातले प्रवेश अर्ज तुमच्याच हातून भरले जातात. या हंगामात एखाद्या खालाच्या किंवा चाचांच्या सोबत शाळेत जा. हमीपत्र सहीआधी त्यांना वाचून दाखवा. तो रकाना कोणत्या नियमाने आहे, ते लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपल्याला शिकवणाऱ्या आई-बापांचं हे कर्ज आहे, ते फेडायची हीच जागा आहे.