दौलतजादा थांबला, पुढे काय?



पाडव्याच्या सुमारास नाशिकहून पुण्याला जात होते. वाटेत नारायणगाव लागले. या दिवसांत तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देतात. राहुट्या पाहून शेजारच्या बाईंनी तोंड फिरवले. पुढे बोलता बोलता त्याच म्हणाल्या, "टीव्हीवर लावणीची स्पर्धा असली की मी एकही भाग सोडत नाही."

कला तीच, मग एकीकडे टाळी आणि दुसरीकडे नाक मुरडणे, हे कसे?

उत्तर शोधताना अकलूजची आठवण होते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी १९९०च्या दशकात मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने दरवर्षी राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली. संगीतबारीच्या पार्ट्या परीक्षकांपुढे उभ्या राहिल्या. नोटा उधळणे बंद झाले, शिस्त आली आणि घरातल्या बायका उजळ माथ्याने लावणी पाहायला बसल्या.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इटलीतल्या सानरेमो गावी १९५१ साली गाण्यांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली, तीही एका जुगारघराच्या दालनात. श्रोते टेबलांवर जेवत होते आणि समोर गाणी चालली होती. निला पिझ्झी ही गायिका पहिली आली. पुढच्या वर्षी तर पहिले तिन्ही क्रमांक तिच्याच गाण्यांनी पटकावले. रेडिओने आणि १९५५पासून टीव्हीने ती स्पर्धा घरोघर नेली. जेवणावळीतले गाणे साऱ्या देशाचे झाले.

म्हणजे गाणारीची अब्रू तिच्या जातीत किंवा गाण्यात नसते. ती कुठे गाते, कुणापुढे गाते आणि तिथले नियम कोण ठरवतो, यावर समाज ती ठरवतो. नियम माणसांनीच केलेले असतात, म्हणून ते बदलता येतात. अकलूजने हे दाखवून दिले, याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे.

पण स्पर्धेची रात्र संपली की काय उरते? राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीतच गेल्या. २००५ साली याच राज्याने डान्सबारवर बंदी घातली, मोठ्या तारांकित हॉटेलांना मात्र सूट दिली. नाचून पोट भरणाऱ्या बायकांना घरी बसवले, त्यांच्या पोटाचे काय याची सोय केली नाही. ती बंदी अवैध असल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कायम केला, पण मधली वर्षे त्या बायकांना कोण परत देणार? लावणीला बक्षीस आणि नाचणारीला शिक्षा, हा दुटप्पीपणा आपण ओळखला पाहिजे.

सन्मान हवाच, पण त्याच्या जोडीला हक्कही हवेत. सुपारीचा करार लेखी असावा आणि बाईचा वाटा तिच्याच हातात पडावा. कपडे बदलायला बंद खोली आणि संडास असावा. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी लागणारे कागद जमवायला आपल्या मंडळांनी मदत करावी. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा असंघटित बायकांनाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते, हे राहुटीतल्या किती जणींना ठाऊक आहे? त्यांना ते सांगायला आपल्यापैकी कोण गेले आहे?

आणि एक प्रश्न आपल्या स्वतःसाठी. मेळाव्यात आपण ओव्या म्हणतो, चळवळीची गाणी गातो. लावणी गाणारीला आपण कधी व्यासपीठावर बोलावले आहे का? करमणुकीसाठी नव्हे, तर तिचे म्हणणे ऐकण्यासाठी?

येत्या यात्रांच्या दिवसांत तुमच्या गावात फड उतरला, तर दोघी-तिघी मिळून राहुटीत जा. चहा घ्या, बोला. काय कळले ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.