अशोक, आसोपालव आणि प्रयोगशाळेचा दाखला

अशोकारिष्टासाठी बाजारातून येणाऱ्या सालीत आसोपालवाची भेसळ असते, ही तक्रार वैद्यबंधूंना नवी नाही. एक शिंबी कुळातील, दुसरा सीताफळाच्या कुळातील; झाडे समोर असता चूक होणे नाही. परंतु साल वाळून तिची भरड झाली, की डोळा व जीभ दोन्ही फसतात. म्हणून काही फार्मसीचालक डीएनए परीक्षेचा दाखला मागू लागले आहेत. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र 'अशोक आढळला' हे शब्द कशाच्या बळावर उमटले, हे विचारल्यावाचून तो दाखला फाईलीस लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही एका प्रयोगशाळेकडे दोन पुड्या धाडल्या होत्या. पैकी एकीतील साल आम्ही स्वतः आसोपालवावरून काढलेली. निर्वाळा दोन्हींवर 'अशोक' असाच आला!

पीसीआर पद्धतीत प्रायमर नावाचे सुमारे वीस अक्षरांचे दोन तुकडे डीएनएवर आपापली जुळणारी जागा शोधतात आणि त्यांच्यामधील भागाच्या प्रती निघतात. तीस चक्रांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. आरंभी झालेली चूकही त्याच वेगाने वाढते. प्रायमर चिकटण्याच्या टप्प्यावर तापमान कमी राहिले, किंवा मॅग्नेशियम अधिक पडले, तर अर्धवट जुळणाऱ्या जागीही तो चिकटतो. आमच्या प्रकरणात नेमके हेच घडले असावे. सालीतील टॅनिन एन्झाइमला अडविते, पट्टा उमटत नाही; मग तो उमटावा म्हणून तापमान खाली आणले जाते. खरे तर आधी डीएनएची शुद्धी नीट करावयास हवी.

उपाय दुर्लभ नाहीत. प्रायमरचे शेवटचे अक्षर दोन्ही वनस्पतींत भिन्न असेल अशा जागी यावे. तापमान प्रथम चढे ठेवून चक्रागणिक उतरवावे, ज्यास टचडाउन म्हणतात. तापविल्याखेरीज कार्य न करणारे हॉट स्टार्ट एन्झाइम वापरावे. आणि प्रत्येक वेळी खात्रीचा अशोक, खात्रीचा आसोपालव व नुसते पाणी हे तीन नमुने सोबत चालवावेत. पाण्यात पट्टा दिसला, तर सारी परीक्षाच बाद.

एवढे करूनही साल की पान, भेसळ किती, हे या परीक्षेने कळत नाही. उकळलेल्या क्वाथात तर डीएनएचे तुकडे झालेले असतात. सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकण्याची घाई नको.

दाखल्यासोबत तिन्ही नमुन्यांसह जेलचे छायाचित्र आणि वापरलेले तापमान मागावे. ते देण्यास का-कू करणाऱ्या प्रयोगशाळेकडे आम्ही तरी पुन्हा पुडी धाडणार नाही.