काटा आणि आकडा

नाशिकला मावसभावाकडे गेलं की दुपारची झोप होत नाही. नाशिकरोडला लष्कराची हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा आहे. आवाज आला की अण्णा जेवता जेवता उठून गच्चीत जातात. वहिनींनी त्यावर बोलणं आता सोडून दिलं आहे.

अण्णा लष्करात चेतक उडवायचे. निवृत्तीनंतर, पन्नाशीत, एका खासगी कंपनीत केदारनाथच्या यात्रेकरूंना नेण्या-आणण्याचं काम त्यांनी धरलं. चेतक मुळात फ्रेंच आराखड्याचं, बंगळूरला बांधलेलं. नवं यंत्रही फ्रेंचच, एएस ३५० बी३. पण चेतकच्या पॅनेलवर गोल तबकड्या आणि काटे होते, इथे इंजिनाची बरीचशी खबर पडद्यावर. ‘म्हणजे काम सोपंच झालं की!’ मी बँकवाल्याच्या अज्ञानाने म्हणालो.

‘अरे, काटा वाचायचा नसतो,’ अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे आपण ओझरतं बघतो आणि ‘अजून वेळ आहे’ एवढं कळतं; किती वाजले हे नंतर. तबकडीचंही तसंच. चेतकमध्ये वरच्या पंख्याचा वेग आणि इंजिनाचा वेग एकाच तबकडीत दोन काट्यांनी दिसतात. नेहमी एकमेकांवर बसलेले काटे फाकले, की आकडा कळायच्या आत हात दांडा खाली करतो. इंजिन गेलं तर तेवढ्या एक-दोन सेकंदांवरच सारं असतं. ही एक तबकडी नव्या यंत्रातही तशीच ठेवलेली होती. बनवणाऱ्यांना तिची किंमत ठाऊक असणार.

बाकीचं मात्र बदललं. पूर्वी तापमान एकीकडे बघायचं, बाकीची मोजमापं दुसरीकडे, आणि बेरीज डोक्यात करायची. आता टॉर्क, तापमान आणि इंजिनाचा वेग यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, तीच पडद्यावरचा एक काटा दाखवतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांवर. विरळ हवेत कोणती मर्यादा आधी गाठणार हे यंत्रच ठरवतं. शिवाय मर्यादा ओलांडली तर त्याची नोंदही करतं. पूर्वी ते वैमानिकाच्या प्रामाणिकपणावर होतं. (आमच्या ऑडिटरला असं यंत्र फार आवडलं असतं.)

यात वाईट काहीच नाही, आणि ‘आमच्या वेळी’ म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. माझी तक्रार शिकवण्याबद्दल आहे. अण्णांना काही दिवस वर्गात बसवलं, मग हवेत मोजके तास. कोणतं बटण कुठे, हे सगळं सांगितलं. पण ‘इतकी वर्षं तुमची नजर कुठे जात होती, आणि आता ती कुठे जाणार?’ हे कोणी विचारलं नाही. शेजारी बसणारा मुलगा सव्वीस वर्षांचा. पडद्यावर हवं ते पान सापडेना, की अण्णा मान खाली घालून शोधत राहायचे, पण त्याला विचारायचे नाहीत. खाली दरी, समोर ढग, आणि माणूस लाजतो आहे!

ही लाज मला ओळखीची आहे. शाखेत संगणक आले तेव्हा पडद्यावर खात्याची बाकी दिसे, पण लेजरचं पान उलटताना व्यापाऱ्याची घसरण जशी डोळ्यांत भरे, तशी ती भरेना. कोणत्या चाव्या दाबल्या की मागच्या नोंदी येतात, हे मी नव्या क्लार्कला तीन महिने विचारलं नाही. त्यात एका खात्याकडे माझं दुर्लक्ष झालं. तिथे पैसे बुडाले, एवढंच.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली लहान विमानांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचा दर जास्त. ती विमानं लांबच्या आणि खराब हवेतल्या प्रवासालाही जास्त वापरली जात, तेव्हा सगळा दोष पडद्यांवर टाकता येत नाही. मंडळाने मात्र भर दिला तो ज्या त्या उपकरणाच्या खास प्रशिक्षणावर. अभ्यास हेलिकॉप्टरांचा नव्हता हे खरं. पण हेलिकॉप्टर तर जमिनीच्या आणखी जवळून उडतं, मान खाली घालायला तिथे सवडही कमी. यात्रेच्या हंगामात फेऱ्यांची घाई असते म्हणून शिकवणीचे तास कापणं मला तरी परवडणारं वाटत नाही. आणि काटा कधी न पाहिलेल्या तरुणांनाही थोडा वेळ पडदा झाकून, बाहेर बघत उडवायला लावावं. अण्णांना हे पटतं. ‘पण ते मुलांना सांगणार कोण?’ म्हणतात.

त्यांनी स्वतःपुरता उपाय केला होता. पॅनेलचा मोठा फोटो छापून घेतला, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला आणि सुट्टीवर आले की रोज सकाळी चहा होईपर्यंत डोळे मिटून एकेका चौकटीवर बोट ठेवायचे. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, फोटो अजून तिथेच आहे. काढला तर रंग निघेल, असं वहिनी म्हणतात.