आपल्या नळाचा अभ्यास कॅलिफोर्नियाने करायचा आणि आपण फक्त बिल भरायचे?

मंडळाच्या विद्यार्थी साह्य निधीकडे मध्यंतरी एक अर्ज आला होता. अर्जदार धारवाडची, आपल्याच एका जुन्या घरातली सून. वय पस्तिशीच्या पुढे, दोन मुले शाळेत, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. 'आंतरराष्ट्रीय विकास' या विषयात ऑनलाइन एम. ए. करावयाचे आहे, फीसाठी साह्य मिळावे, एवढीच विनंती. अर्ज परत गेला. कारण दोन ओळींचे. निधी फक्त कॉलेजात नियमित जाणाऱ्यांसाठी आहे! वर बैठकीत कोणीतरी हसून म्हणाले, "घरात बसून कसला आंतरराष्ट्रीय विकास करणार बाई?"

त्या हसण्याचा आम्हाला राग आला. म्हणून आज समाजबांधवांपुढे आमचे म्हणणे स्पष्ट मांडत आहोत.

आंतरराष्ट्रीय विकास म्हणजे आफ्रिकेतला दुष्काळ आणि न्यूयॉर्कमधली परिषद, अशी आपली समजूत आहे. हसणाऱ्या सद्गृहस्थांनी घरी जाऊन आपला नळ सोडून पाहावा. हुबळी-धारवाडला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येई, ते दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. २००४ साली जागतिक बँकेने कर्नाटकाच्या शहरी पाणीपुरवठ्यासाठी ३ कोटी ९५ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. नळाला मीटर बसले, वापराप्रमाणे दर लागले आणि चालवायचे काम व्हिओलिया या फ्रेंच कंपनीकडे गेले. वॉशिंग्टनचे कर्ज, पॅरिसची कंपनी आणि मलप्रभेचे पाणी! याहून आंतरराष्ट्रीय ते आणखी काय असते?

हुबळी-धारवाड रस्त्यावरची चिगरी बस घ्या. सुमारे २२ किलोमीटरच्या त्या बीआरटीएसलाही जागतिक बँकेचेच साह्य होते. २०१८ मध्ये बस धावू लागली. बससाठी राखलेल्या मार्गिकेवरून आपल्या कट्ट्यांवर भांडणे होतात, पण तो रस्ता तसाच का आखला, दुसरे कोणते पर्याय पुढे होते, याचे कागद वाचलेले आपल्यात किती जण आहेत?

आता मुख्य गोष्ट. चोवीस तास पाण्याने लोकांचे आरोग्य खरोखर सुधारले का, हा प्रश्न कोणी विचारला? आमच्या मंडळाने नाही. आपल्यातल्या एकाही प्राध्यापकाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विचारला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी. त्यांनी आपल्या गल्ल्यांतून हिंडून, पाच वर्षांखालची मुले असलेल्या सुमारे ३,९०० घरांची पाहणी केली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. एकंदरीत पाहता चोवीस तास पाण्यामुळे मुलांच्या जुलाबात लक्षणीय घट दिसली नाही. गरीब घरांत मात्र रक्ती जुलाबाचे प्रमाण कमी आढळले आणि चोवीस तास पाण्याच्या भागात टायफॉइडही कमी निघाला. हे निष्कर्ष जगभरच्या पाणीतज्ज्ञांनी वाचले. ज्यांच्या नळाचे पाणी तपासले, त्या आपण मात्र वाचले नाहीत. पुढे २०१६ मध्ये जागतिक बँकेने आणखी १० कोटी डॉलर मंजूर केले, योजना सगळ्या शहरासाठी निघाली, तेव्हाही आपण काय केले? पाणी कधी येणार एवढेच विचारले. कर्ज कोणत्या अटींवर, दर कोण ठरवणार, झोपडपट्टीतल्या जोडणीचे काय, हे प्रश्न विचारायला अभ्यास लागतो. तो अभ्यास शिकवणाऱ्या पदवीलाच आपण हसतो!

आक्षेप कोणते, तेही पाहू. पहिला असा की घरबसल्या घेतलेली पदवी खरी नव्हे. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना पदव्या देत आले आहे. आपले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. ऑनलाइन शिक्षणाचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये केले, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, असे २०२२ मध्ये जाहीरही केले. आयोग ज्याला पदवी म्हणतो त्याला आमचा निधी पदवी म्हणत नाही, हा कुठला शहाणपणा?

म्हणून जाहिरात दिसली की पैसे भरावेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मैसूरच्या राज्य मुक्त विद्यापीठाचे उदाहरण ताजे आहे. २०१२-१३ नंतरच्या अभ्यासक्रमांना मान्यता नसल्याचे आयोगाने २०१५ मध्ये जाहीर केले, मान्यता परत मिळाली ती २०१८ मध्ये, आणि मधल्या काळात विद्यार्थी टांगणीला लागले. तेव्हा त्या वर्षीची, त्या अभ्यासक्रमाची मान्यता आयोगाच्या यादीत स्वतः पाहावी. परदेशी विद्यापीठ असेल तर आपल्याकडे समकक्षता मिळेल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नये.

दुसरा आक्षेप नोकरीचा. खरे सांगायचे तर जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या खुर्च्या थोड्या आणि उमेदवार फार. त्या आशेने कोणी कर्ज काढू नये. पण काम इथे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या पैशाचा हिशेब, पाहणी, अहवाल कोणीतरी करायचाच असतो. हुबळीत देशपांडे फाउंडेशन आहे, धारवाडात बाएफचे काम आहे. अशा कामाला इंग्रजीत अहवाल लिहिणारा आणि नवलगुंदच्या शेतकऱ्याशी कन्नडात बोलणारा माणूस लागतो. आपल्या घरांतली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. ही तीन भाषांची पुंजी पिढ्यान्पिढ्या आपल्याकडे आहे. पुण्या-बंगळुराकडे डोळे लावून बसलेल्या आपल्याला तिची किंमत कळलेली नाही, एवढेच.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आम्हालाही मान्य आहे. पडद्यावर गाव दिसते, पण गावाची धूळ पायाला लागत नाही. शिवार न पाहता विकास शिकलेला माणूस घातक ठरू शकतो. पण लंडनच्या वर्गात बसलेल्यालाही शिवार कुठे दिसते? उलट धारवाडात बसून शिकणाऱ्याला अर्ध्या तासात शेत गाठता येते. शिवाय हा विषय काही साहेबाने आपल्याला शिकवलेला नाही. पुण्यात गोखले संस्था १९३० पासून आहे. तिथल्या दांडेकर-रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. महाराष्ट्राची रोजगार हमी जगाने अभ्यासली. इथे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेल्या डॉ. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ मध्ये राज्यातल्या १७५ पैकी ११४ तालुके मागासलेले ठरवले आणि उत्तर कर्नाटकाच्या मागणीला आकड्यांचा आधार दिला. विकासाच्या संशोधनाला वाहिलेली सीएमडीआर ही संस्था धारवाडात १९९० पासून उभी आहे. आपल्या किती मुलांनी तिचे दार पाहिले आहे?

तेव्हा आमची मंडळाकडे तीन मागण्यांची यादी आहे. एक, साह्य निधीच्या नियमातून 'नियमित जाणाऱ्या' हे शब्द काढावेत आणि तिथे 'मान्यताप्राप्त' हा एकच शब्द घालावा. दोन, अशा विद्यार्थ्याने आपला प्रबंध हुबळी-धारवाड परिसरातल्या एखाद्या प्रश्नावर लिहावा, अशी अट घालावी. पाणी, बस, कचरा, म्हादईचा तंटा, विषयांना तोटा नाही. तीन, त्या प्रबंधाचा गोषवारा मराठीत आणि कन्नडात मंडळाच्या सभेत वाचला जावा आणि तो घेऊन आपले लोक महापालिकेत जावेत. शेजारच्या कन्नड बांधवांनाही त्या सभेचे बोलावणे असावे, कारण नळ दोघांचा एकच आहे.

पेशवाईत आलेली, सदर्न मराठा रेल्वेबरोबर आलेली, व्यापाराला आलेली आपली घरे इथे मुरली. या शहराने आपल्याला सगळे दिले. पण या शहराबद्दल निर्णय होतात तेव्हा आपण प्रेक्षकांत असतो आणि नंतर कट्ट्यावर बसून कुरकुरतो. ही सवय मोडायची तर कोणीतरी कागद वाचायला शिकले पाहिजे. एक सून ते शिकायला तयार झाली होती, तिला आपण दारातून परत पाठवले.

तो अर्ज पुन्हा मागवावा. हसणाऱ्यांनीही त्या सभेला अवश्य यावे.