आधी परवान्याचा नंबर

सिल्वासात पिपरियाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये राबणारा शेजारचा पोरगा परवा चकचकीत ऑफर लेटर घेऊन आला. ‘फायनान्शियल ॲडव्हायझर’, पगार शून्य, कमिशन भरपूर, किटचे अडीच हजार आधी भरायचे. आता कमिशनचं काम म्हणजे फसवणूक नव्हे. एलआयसीच्या कितीतरी एजंटांनी त्यावरच संसार उभे केलेत. पण विम्याला प्रशिक्षण आणि परीक्षा लागते, म्युच्युअल फंडाला एनआयएसएमची परीक्षा आणि ॲम्फीचा एआरएन हा नोंदणी क्रमांक. या पत्रात परीक्षेचं नाव नाही, ‘खाली तीन माणसं जोडा’ मात्र ठळक अक्षरात! पीएसीएल या कंपनीला सेबीने २०१४ मध्ये गुंतवणूकदारांचे ४९,१०० कोटी परत करायला सांगितलं, तिथेही पैसे गोळा करत होते ते ओळखीतले एजंटच. पोराला म्हटलं, आधी परवान्याचा नंबर माग. नंबर अजून आलेला नाही. किटसाठी फोन मात्र रोज येतो.