क्षेपणभूमी भरल्यानंतर तिचे पालक कोण?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळ आणि वांगणी यांच्यामध्ये शेलू आहे. भातखाचरांच्या या परिसरात आता गृहसंकुले उभी राहत आहेत. वस्तीबरोबर कचराही वाढतो आणि तो टाकावयाचा कुठे, हा प्रश्न ग्रामपंचायतींपुढे येतो. आम्हांस मात्र त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. निवडलेली जागा उद्या भरली, म्हणजे तिची काळजी कोण वाहणार?

ओला कचरा कुजू लागला की त्यातून काळे, उग्र दर्पाचे पाणी झिरपते. त्याला लीचेट म्हणतात. त्यात अमोनिया, क्षार, कुजके सेंद्रिय द्रव्य आणि कधी जड धातूही असतात. वरून पाऊस पडला की त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर उघड्या ढिगावर एका पावसाळ्यात किमान 3 कोटी लिटर पाणी कोसळते. त्यातले काही वाहून जाते, काहीची वाफ होते. उरलेले कचऱ्यातून पाझरून तळाशी उतरते आणि पुढे विहिरीची किंवा ओढ्याची वाट धरते.

उपाय अज्ञात आहेत असे नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी क्षेपणभूमीच्या तळाशी 90 सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर व त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर सांगितले होते. लीचेट नळ्यांनी गोळा करून त्यावर प्रक्रिया करणे, नदीपासून किमान 100 मीटर अंतर राखणे, याही अटी होत्या. पावसाळ्यापूर्वी ढिगावर 40 ते 65 सेंटीमीटर मातीचे आच्छादन घालावे, असे तर 2000 च्या नियमांतच होते. शिवाय जागा बंद झाल्यावर किमान 15 वर्षे तिची देखरेख करण्याचे बंधन दोन्ही नियमांनी घातले होते.

ही सारी तरतूद शेलूच्या परिसरात किती निकडीची आहे, हे उल्हास नदीच सांगते. 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जिथे रुळांवर पाणी चढते, तिथे सखल जागेतील कचऱ्याचे काय होईल? हीच नदी पुढे बदलापूरला पिण्याचे पाणी पुरविते, कल्याणवरून जाते आणि अखेर वसईच्या खाडीत उतरते. कल्याणची आधारवाडी क्षेपणभूमी अशीच खाडीलगत वर्षानुवर्षे वाढत गेली. तेथे कचरा टाकणे थांबले ते मे 2021 मध्ये. वरच्या अंगाला जे सांडते, ते खालच्या अंगाच्या मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचते.

बंद करण्याचे काम कसे असते, हे गोराईने दाखविले. 1972 पासून वापरात असलेली तेथील सुमारे 20 हेक्टरची क्षेपणभूमी 2007 मध्ये बंद झाली. सुमारे 23 लाख टनांच्या ढिगाला उतार देण्यात आला, वर पाणी न झिरपणारे आवरण घातले गेले, लीचेट खाडीत जाऊ नये म्हणून जमिनीत आडभिंत उभारली गेली आणि वायू गोळा करून जाळण्याची सोय झाली. मुलुंडने दुसरी वाट धरली. ती क्षेपणभूमी 1 ऑक्टोबर 2018 पासून बंद झाली. तेथील सुमारे 70 लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्यासाठी महापालिकेने सातशे कोटींहून अधिक रुपयांचे कंत्राट दिले. मुंबई महापालिकेच्या तिजोरीस हे झेपते. एखाद्या ग्रामपंचायतीस ते कसे झेपावे?

म्हणूनच बंद करण्याचा खर्च जागा उघडण्याच्या दिवसापासून बाजूला काढला पाहिजे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक घर व प्रत्येक गृहसंकुल जे कचरा शुल्क देईल, त्यातील ठराविक वाटा या निधीत जमा व्हावा आणि त्यास अन्य कामासाठी हात लागू नये. इमारतीला परवानगी देतानाच ओल्या कचऱ्याची व्यवस्था तिच्या आवारात सक्तीची व्हावी. ओला कचरा खड्ड्यात गेलाच नाही, तर लीचेटचा जोर पुष्कळसा ओसरतो. आसपासच्या विहिरींचे पाणी पहिला ट्रक येण्यापूर्वी एकदा तपासून ठेवावे. मूळची नोंद नसेल, तर पुढे पाणी बिघडल्याचे सिद्ध करणे गावकऱ्यांना जड जाते.

ग्रामसभेत क्षेपणभूमीचा ठराव येईल, तेव्हा आपल्या वाचकांनी हजर राहून तीनच गोष्टी विचाराव्यात. पावसाळ्यात लीचेट कुठे साठवणार? जागा कोणत्या वर्षी बंद होणार? आणि त्यानंतरच्या 15 वर्षांचा पैसा कोणत्या खात्यात आहे? या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत ठरावास संमती देण्याची घाई करू नये.